रक्तसंक्रमणातून होणारा जिवाणूसंसर्ग : कारणे आणि प्रतिबंध (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना :
भारतात दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. या पाचांपैकी केवळ सिफिलिस हा जिवाणूजन्य रोग होय. म्हणून 'तपासलेले रक्त' म्हणजे सर्वस्वी जंतुविरहित रक्त, हा समज योग्य ठरत नाही.

जिवाणूंचा प्रवेश व वाढ :
सुई टोचताना दात्याच्या त्वचेवरील जिवाणू पिशवीत जाऊ शकतात. क्वचित दात्याच्या रक्तातच ते लक्षणांविना असतात. पिशवीही दूषित असू शकते. १९९१ मध्ये डेन्मार्क व स्वीडन येथे दूषित पिशव्यांमुळे रुग्णांना सेरेशिया जिवाणूंचा संसर्ग झाला होता.

लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला साठवल्याने बहुतेक जिवाणूंची वाढ रोखली जाते. यर्सिनिया एन्टरोकोलिटिका मात्र थंडीतही वाढतो. तो सौम्य अतिसार झालेल्या दात्याकडून येऊ शकतो. बिंबिका (प्लेटलेट) २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात. हे तापमान जिवाणूंना पोषक असल्याने त्यांत धोका अधिक असतो.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात :
१९८१ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. मंठा, परतूर वा जाफराबादसारख्या ठिकाणच्या शिबिरातून रक्त शहरात आणताना तापमान राखणे म्हणूनच कळीचे ठरते. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत रक्तदान शिबिरे होतात. तेथे पिशव्यांच्या संख्येपेक्षा दात्याची विचारपूस महत्त्वाची आहे. नुकताच ताप, जुलाब किंवा दात काढणे झालेल्या विद्यार्थ्याने ते न लपवता सांगावे, असे वातावरण प्राध्यापकांनी निर्माण करणे आवश्यक आहे.

प्रतिबंध :
त्वचेचे काटेकोर निर्जंतुकीकरण करावे व सुरुवातीचे थोडे रक्त वेगळ्या पिशवीत वळवावे. पिशवीचा रंग बदललेला वा तीत गुठळ्या दिसल्यास ती वापरू नये. रक्त चार तासांत देऊन संपवावे. रक्त चढवताना थंडी वाजून ताप आल्यास किंवा रक्तदाब घसरल्यास ते तत्काळ थांबवून पिशवी व रुग्णाच्या रक्ताचा नमुना जिवाणू तपासणीस पाठवावा. अशा घटनांच्या नोंदीसाठी देशात डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे.

निष्कर्ष :
जिवाणूसंसर्गापासून संरक्षण एका चाचणीने मिळत नाही. दात्याचे खरे उत्तर, स्वच्छ त्वचा, अखंड शीतसाखळी आणि परिचारिकेचे सजग लक्ष या चारही गोष्टींवर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.