शाळेशी सोयरीक जमवताना



आपल्या मुलाच्या शाळेची पायरी तुम्ही शेवटची कधी चढलात? नाव घालायला, निकालाला आणि दाखला काढायला, या तीन वेळा सोडून द्या. चौथी वेळ आठवते का?

पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी पनवेल तालुक्यात बरीच वर्षे हिंडलो आहे. बांधावर माझ्याशी तासभर बोलणारा माणूस शाळेच्या दारात मुका होतो, हे मी किती वेळा पाहिले! वहाणा पायरीखाली काढायच्या, खांबाला टेकायचे आणि कोणी हाक मारीपर्यंत उभे राहायचे. आत गुरुजीही याच्याशी काय बोलावे या विचारात हजेरीपुस्तक चाळत बसतात. दोघेही भले. त्या एकाच पोराचे बरे व्हावे, असे दोघांनाही वाटते. तरी मध्ये एक न दिसणारा बांध असतो. तो ओलांडायचा कसा, हे मला कृषी महाविद्यालयात कोणी शिकवले नाही. तोंडावर आपटून शिकलो. ती हकीकत आज सांगतो.

माझे पहिले भाषण

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, सकाळची शाळा. डोंगराकडच्या एका गावात सहावी-सातवीच्या मुलांना ‘भाताची बीजप्रक्रिया’ समजावून द्यायला मी गेलो. भिंतीवर तक्ता टांगला आणि पाऊण तास बोललो. उगवणशक्ती, बुरशीनाशक, हेक्टरी बियाणे, काही म्हणता काही सोडले नाही. मुले खिडकीबाहेर पाहत होती. गुरुजी मागे बसून वह्या तपासत होते. शेवटी मी विचारले, “कुणाला काही शंका?” एका मुलाने हात वर केला. मला आनंद झाला. तो म्हणाला, “साहेब, सुटी कधी?”

दोष मुलांचा नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण घडा पालथा आहे की आपणच घागर भलतीकडे ओततो आहोत, हे आधी पाहावे.

पुढच्या आठवड्यात तक्ता घरी ठेवला. घरून मूठमूठ भाताचे बी आणा, असा निरोप गुरुजींकरवी मुलांना दिला. मी नेली एक बादली आणि मिठाची पिशवी. दहा लिटर पाणी मुलांनीच मोजले, तीनशे ग्रॅम मीठ त्यांनीच तोलले. प्रत्येकाने आपापले बी मिठाच्या पाण्यात टाकले. पोचट दाणे वर तरंगले, भरलेले तळाशी बसले. वर्गात एकच गलका झाला. गुरुजींनीही वह्या मिटल्या.

तेवढ्यात एका मुलीच्या भांड्याभोवती गर्दी झाली. तिचे निम्मे बी तरंगत होते. कुणीतरी ओरडले, “हिच्या बापाचं बी पोचट!” सगळे हसले. मीही हसलो.

ते हसणे मला फार महाग पडले.

पोर घरी बसली

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी गुरुजींचा निरोप आला. संध्याकाळी आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. बाप ओटीवर बसला होता. बसा म्हणाला नाही. “साहेब, माझी पोर तुमच्या शाळेत जाऊन माझी अब्रू घालवून आली. चारचौघांत मला खाली बघायला लावलंत. आता तिला शाळा नको. घरी राहील, धाकट्याला सांभाळील.”

दाराआड ती मुलगी उभी होती. सातवीतली पोर. बादलीभर मिठाच्या पाण्यापायी तिची शाळा सुटणार होती.

गुरुजींच्या ओठांवर मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व आले होते. माझ्या ओठांवर बियाण्याचे. नशीब आमचे की त्यांच्या आईने कोरा चहा पुढे केला आणि दोघांची तोंडे बंद झाली. चहा पिता पिता मला सुचले ते एवढेच विचारले, “दसऱ्याच्या सुमाराला तुमच्याकडं पाऊस किती दिवस राहिला होता?”

तो माणूस बोलू लागला. कापलेले भात चार दिवस पाण्यात पडून राहिले होते. पेंढ्या उलटून पालटून वाळवल्या, झोडल्या, त्यातले बरे ते बियाला ठेवले. “बी बरं नाही हे मला काय ठाऊक नाही होय? मेव्हण्याकडून बदलून आणणारच होतो. पण विचारलं कुणी?”

मंडळी, हे शेवटचे तीन शब्द मी आजवर विसरलो नाही. आम्ही ज्याला अडाणी ठरवून हसलो, त्याला दुखणेही ठाऊक होते आणि औषधही. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

मी म्हणालो, “चूक माझी झाली. पोरीनं तुमची अब्रू घालवली नाही. हसलो मी.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यानेच विचारले, “मिठाचं पाणी केवढं करायचं?” त्यांच्याच पातेल्यात आम्ही पाणी केले. तरंगलेले बी काढून टाकले, बुडालेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुतले आणि सावलीत पसरले. मग त्यातले शंभर दाणे एका ओल्या गोणपाटात आणि न निवडलेल्या बियाचे शंभर दाणे दुसऱ्यात गुंडाळायला सांगितले. पोते ओले ठेवायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. शंभरात किमान ऐंशी उगवले तर बी पेरणीजोगे. मोजायचे काम मुलीकडे दिले. ती दुसऱ्या दिवशी लगेच शाळेत आली नाही. आठवड्याने आली, ती दोन्ही पोत्यांचे आकडे वहीत लिहून. बुडालेल्या बियाने ऐंशी ओलांडली होती. न निवडलेले बरेच मागे होते. गुरुजींनी त्या आकड्यांवर शेकडेवारीचा धडा घेतला. शेकडेवारी त्या वर्गाला त्या दिवशी समजली.

जुन्यांनी हे आधीच ओळखले होते

ही अक्कल नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान असावे, एवढेच मागून ते थांबले नाहीत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत, वेळ पडली तर नांगराला हात लावायला त्यांना लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तकाइतकेच मिसळण्याला त्यांनी महत्त्व दिले, हे ध्यानात घ्या.

आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केले. लहान मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळा कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. “मुले शाळेत का येत नाहीत?” असे विचारत बसण्यापेक्षा “मुले या वेळी असतात कुठे?” असे त्यांनी विचारले. प्रश्न बदलला आणि वाट सापडली.

गुरुजींच्या बाजूनेही पाहा

आमच्या त्या शाळेतले गुरुजी बीडकडचे, ज्वारीच्या मुलखातले. नवे आले तेव्हा एका मुलाने गैरहजेरीचे कारण सांगितले, “बा राब भाजायला गेलता, मीबी गेलतो.” गुरुजींना राब-राब राबणे ठाऊक. रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जाळतात, त्याला इकडे राब म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? पोरगा थट्टा करतो असे वाटून त्यांनी त्याला उभे केले. मुलगा खरे बोलत होता आणि गुरुजीही चुकले नव्हते. एकाच मराठीत दोघांचे शब्द वेगळे होते. कातकरी वाडीवरच्या मुलाची घरची बोली तर शाळेच्या पुस्तकापासून आणखी लांब. परमुलखातून आलेल्या शिक्षकाला आपल्या गावचे पाच शब्द शिकवा. तो तुमचा होईल.

मी पाळतो ते नियम

माझ्या कामातून हाती आलेले काही साधे नियम सांगतो. पालक, शिक्षक, ग्रामसेवक, बचत गटाच्या ताई, कोणालाही चालतील.

१. तक्रार नसताना एकदा जा. पहिली भेट भांडणाची झाली तर पुढच्या सगळ्या तशाच होतात. पहिल्या पावसात सहज डोकवा, छप्पर गळते का विचारा.

२. परवानगी मुख्याध्यापकांची आणि वेळ त्यांच्या सोयीची. एका तासिकेचे काम एका तासिकेतच संपवा.

३. शिक्षकांनीही लावणीच्या दिवसांत पालकसभा ठेवू नये. ठेवली आणि कोणी आले नाही, तर पालकांना आस्था नाही असे लिहू नये.

४. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारा प्रश्न विचारू नका. “अभ्यास करतोस ना?” याला उत्तर ठरलेले. “आज गुरुजींना तू काय विचारलंस?” असे विचारून पाहा. “पोराला का पाठवत नाही?” यापेक्षा “तुमची लावणी कधी आटोपते?” हे बरे.

५. समोरच्याचे ऐकून झाले की ते आपल्या शब्दांत परत सांगा. “म्हणजे बी भिजलं म्हणून बदलणार होता, असं ना?” आपले ऐकले गेले हे कळले, की माणूस निम्मा मऊ होतो.

६. आधी वस्तू हातात द्या, शब्द मागून द्या.

७. मुलाच्या तोंडून त्याच्या घराची परीक्षा घेऊ नका. सर्वांच्या भांड्यांवर नावे न घालता मी तोच प्रयोग केला असता, तर काही बिघडले नसते. आता मी सगळ्यांचे बी एकत्र करूनच पाण्यात टाकतो.

८. ‘पुन्हा येतो’ म्हटले तर पुन्हा जा. मुले साहेबाचे नाव विसरतात, वायदा विसरत नाहीत.

आता अधिकाराचीही एक गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. कित्येक भगिनी सही करून निमूट परत येतात. पुढच्या सभेत एकच विषय मांडा: शाळेच्या परसबागेत काय लावायचे? माठ, भेंडी, पडवळ कोणत्या दिवसांत लावावे, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? पोरांच्या पोषण आहारात ती भाजी पडेल आणि तुमचा आवाजही सभेत रुजेल.

वाडीवरची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघतात. त्यांच्याशी बोलायचे तर दिवाळीआधी बोला. “कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार?” हे कळले तर तिथल्या शाळेला निरोप देता येतो. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून कोणतीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हेही कायद्यात आहे. हे त्यांना सांगा.

“शेती आता राहिली कुठे?”

पनवेलचे वाचक विचारतील, साहेब, शेती आता राहिली कुठे? खरे आहे. १९७० पासून नव्या शहरासाठी जमिनी जाऊ लागल्या. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. २०२५ च्या डिसेंबरात विमानेही उडू लागली. “पोरगं शेतीतून सुटावं म्हणून शाळेत घातलं, आणि तुम्ही तिथंही भात शिकवता?” असे मला तोंडावर विचारणारे बाप भेटले आहेत. त्यांचे दुःख मी खोटे म्हणत नाही. मुलाने शेतीच करावी, असा माझा हट्टही नाही. पण बापाच्या हातातली विद्या फुकाची, असे शाळेत शिकून बाहेर पडलेले पोर विमानतळावर कामाला लागले तरी घरी ताठ मानेने परत येत नाही.

आता त्या बापाचे सांगून संपवतो. जुलैत लावणी दाखवायला आम्ही त्याला शाळेत बोलावले. आला. डोक्यावर इरले, हातात आवणाच्या दोन मुठी. पायरीखाली वहाणा काढल्या आणि सवयीने खांबाला टेकून उभा राहिला. गुरुजी वर्गातून उठले, अनवाणी पायरी उतरून पावसात गेले आणि म्हणाले, “या. आज गुरुजी तुम्ही.”

शाळेमागच्या खाचरात त्याने मुलांना दोरी धरायला लावली, एका चुडात दोन-तीनच रोपे कशी धरायची ते दाखवले. गुरुजीही पायजमा वर करून चिखलात उतरले. त्यांची ओळ अशी वाकडी गेली की मुले खो-खो हसली. गुरुजी हसले, तो हसला, मीही हसलो. त्या हसण्याने कोणाची शाळा सुटली नाही.

बांधावर त्याची मुलगी उभी होती. कोणी तरी तिला विचारले, “हे कोण गं?” ती म्हणाली, “माझे बाबा. आज तेच शिकवताहेत.”

या आठवड्यात एक दिवस काढा. शाळेत जा. काही मागायला नको, सांगायलाही नको. एखादी गोष्ट विचारून या.