भूक मोजायची कशी?

जाड माणसाला आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘जिभेवर ताबा नाही.’ शेजारचा काडीपहिलवान तेवढंच जेवतो, पण त्याला कुणी काही म्हणत नाही. त्याच्या ‘अंगी लागत नाही’ एवढंच.

अंगी लागण्याचं हे कोडं कॅनडातल्या लावाल विद्यापीठात क्लोद बुशार यांनी नेमकं मोजलं. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या त्यांनी वसतिगृहात ठेवल्या आणि एकूण ८४ दिवस प्रत्येकाला रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, कुणाचं १३.३ किलोंनी. पण जुळ्या भावांची वाढ पुष्कळशी सारखी होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवलं की, अंगी लागण्यात रक्ताचं नातं बोलतं.

पुढे २००७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना सोळाव्या गुणसूत्रावरच्या ‘एफटीओ’ जनुकाचा वजनाशी संबंध सापडला. त्याचं जोखमीचं रूप आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्या प्रौढांचं वजन सरासरी तीन किलो जास्त भरलं. हे कसं घडतं, याचा धागा स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांनी दिला. हे रूप असलेली मुलं इतरांपेक्षा कमी ऊर्जा खर्च करत नव्हती. समोर ठेवलेल्या जेवणातून ती जास्त कॅलरींचे पदार्थ खात होती. फरक मुख्यतः भुकेत होता. वजनाशी जोडलेली आणखीही अनेक जनुकं मेंदूतच काम करतात. पोट भरल्याचा निरोप काहींना उशिरा पोहोचतो, आणि हा त्यांच्या चारित्र्याचा दोष नव्हे.

मग जनुकं तपासून प्रत्येकाला वेगळं डाएट लिहून द्यावं का? स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर हे वर्षभर पडताळलं. कमी चरबीचा आहार कुणाला मानवेल आणि कमी कर्बोदकांचा कुणाला, हे जनुकांच्या नमुन्यावरून सांगता आलं नाही. दुसरीकडे, ९,५६३ जणांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं की आहार, व्यायाम किंवा औषधाच्या उपचारांनी एफटीओचं जोखमीचं रूप असलेल्यांचंही वजन इतरांइतकंच उतरतं. मला यात मोठा दिलासा वाटतो. जनुक ओझं वाढवतं, पण वाट अडवत नाही.

म्हणून व्यक्तिगत उपचाराची खरी जागा वर्तनात आहे. खाण्याची नोंद, आठवड्याला १५० मिनिटं चालणं, नियमित समुपदेशन : अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात अशा उपचाराने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. हाच उपचार माणसागणिक बेतता येईल. ज्याचं पोट उशिरा भरतं, त्याने डाळ-उसळ, कोशिंबीर आधी खावी आणि दुसऱ्या वाढणीआधी थांबावं. ज्याला दिसलं की खावंसं वाटतं, त्याच्या घरात डबे नजरेआड जावेत. हे त्याच्या एकट्याचं काम नाही, घराचं आहे.

आपल्यासाठी आणखी एक सावधगिरी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की, भारतीय शरीर वरून सडपातळ दिसलं तरी आत चरबी जास्त असू शकते. एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंधही पुण्याच्या अभ्यासात केवळ वजनातून उलगडला नाही. इथे वजनकाट्याबरोबर कंबरेचा घेरही मोजायला हवा.

आणि जनुकांचा निकाल सांगताना जपून. स्टॅनफर्डच्याच आलिया क्रम यांच्या गटाने काहींना चिठ्ठी टाकावी तसा निकाल सांगितला : तुमचं जनुक चांगलं, तुमचं जोखमीचं. ‘चांगलं’ ऐकलेल्यांना त्याच जेवणाने जास्त तृप्ती वाटली आणि तृप्तीचं संप्रेरकही रक्तात अधिक वाढलं. खरं जनुक कुठलंही असो, शब्द शरीरात उतरले होते.

तेव्हा दवाखान्यात पहिला प्रश्न ‘किती खाता?’ हा नसावा. ‘पोट भरलंय, हे तुम्हाला कधी कळतं?’ असं विचारावं. या प्रश्नाला कुणी शरमेने मान खाली घालत नाही.