मेणाचं नाक

चेहऱ्यावर काळा ठिपका उगवला की आपण त्याला तीळ म्हणून मोकळे होतो. फार तर चामखीळ. मग कुणीतरी चुना-सोडा लावून जाळायला सांगतं. पण तो ठिपका कधी कर्करोगही असू शकतो. त्वचेच्या कर्करोगाचा जगभर सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. गोऱ्या माणसांत तो मोत्यासारख्या चकचकीत, गुलाबीसर फोडाच्या रूपात दिसतो. आपल्या सावळ्या कातडीत त्यात बऱ्याचदा रंगद्रव्य मिसळतं आणि तो काळा दिसतो, म्हणजे थेट तिळासारखाच. मेलॅनिनची छत्री डोक्यावर असल्यामुळे हा आजार आपल्याकडे कमी आहे, आणि कमी असल्यामुळेच त्याची शंकाही येत नाही. नाकावरची पुळी खपली धरते, टॉवेलनं तोंड पुसताना खपली निघते, थेंबभर रक्त येतं, पुन्हा खपली धरते. मलमं बदलत वर्ष-दोन वर्षं निघून जातात. खरं तर महिनाभरात न भरलेल्या अशा जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणं हे काही मिनिटांचं काम असतं.

डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी 1827 साली या व्रणाचं वर्णन केलं. पुढे त्याला उंदरानं कुरतडल्यासारखा व्रण असं नाव पडलं, आणि ते चपखल आहे. हा कर्करोग शरीरभर जवळजवळ कधीच पसरत नाही, पण बसल्या जागी कुरतडत राहतो. त्याला जागाही नेमक्या अडचणीच्या आवडतात. नाक तर त्याचं माहेरच. शिवाय पापणीचा कोपरा, कानाची पाळ, ओठाच्या वरची बाजू. वरून मुगाएवढा दिसणारा फोड कातडीखाली बोटांसारखी मुळं पसरून बसलेला असू शकतो, आणि ती मुळं डोळ्यांना दिसत नाहीत.

शस्त्रक्रियेची सगळी अडचण इथेच आहे. थोडं कापलं तर मूळ राहतं, सढळ हातानं कापलं तर नाकपुडी जाते. नेहमीच्या पद्धतीत छोट्या गाठीभोवती सुमारे 4 मिलिमीटर निरोगी कातडी धरून तुकडा काढतात. प्रयोगशाळेत त्याचे पावाच्या स्लाइससारखे उभे काप करून तपासतात. दोन कापांमधलं मात्र कुणी बघत नाही. प्रत्यक्षात तुकड्याच्या काठाचा एक टक्काही भाग सूक्ष्मदर्शकाखाली येत नाही.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एका विद्यार्थ्याला सापडला. फ्रेडरिक मोह्स 1930च्या दशकात उंदरांच्या गाठींवर रसायनांचे प्रयोग करत होता. झिंक क्लोराइडनं गाठीतल्या पेशी मरतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना जशीच्या तशी राहते, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्या रसायनाचा लेप गाठीवर लावायचा, मेलेला थर काढायचा, पूर्ण तपासायचा आणि मूळ शिल्लक असेल तिथेच पुन्हा लेप लावायचा, अशी पद्धत त्यानं बसवली आणि 1941 साली प्रसिद्ध केली. लेप झोंबायचा आणि एकेका थराला एकेक दिवस जायचा. पुढे लेप गेला आणि त्याजागी भुलीचं इंजेक्शन व ताज्या ऊतींचं गोठवलेलं कापकाम आलं. 1970च्या दशकात ट्रोमोविच आणि स्टेगमन या डॉक्टरांनी ते रुळवलं. नाव मात्र मोह्सचंच राहिलं.

या शस्त्रक्रियेची खुबी कापण्यात नाही, बघण्यात आहे. सुरी तिरकी धरून वाटीसारखा उथळ थर काढतात. चेहऱ्यावर आणि तुकड्यावर जुळणाऱ्या खुणा करतात, कडांना वेगवेगळे रंग लावतात, कागदावर नकाशा काढतात. मग मोदकाची वळलेली पारी पोळपाटावर पुन्हा सपाट करावी तसा तो तुकडा दाबतात. वाटीचा काठ आणि बूड एकाच पातळीवर येतात आणि एकाच कापात पूर्ण कड दिसते. तुकडा गोठवून त्याचा पातळ पापुद्रा काढायचा, रंगवायचा, आणि ज्यानं कापलं त्याच डॉक्टरानं तो बघायचा. यात तासभर जातो. रुग्ण तोवर नाकावर पट्टी लावून बाहेर चहा पीत बसलेला असतो. नकाशा घड्याळाची तबकडी मानली आणि दोनच्या आकड्यापाशी मूळ दिसलं तर त्याला आत बोलावून फक्त दोनच्या आकड्यापाशीच कापायचं. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कार्सिनोमात पाच वर्षांनंतरही सुमारे 99 टक्के रुग्णांत तो उलटलेला नसतो. आपल्या देशात मात्र ही सोय असलेली ठिकाणं मोजकीच आहेत.

मूळ संपतं आणि खड्डा उरतो. काही खड्डे बुजवायचेच नसतात. डोळ्याचा आतला कोपरा, कानशील, कानाची वाटी अशा खोलगट जागा आपल्या आपण सुरेख भरून येतात. इतर ठिकाणी शेजारची कातडी सरकवतात, फिरवतात किंवा कानामागून आणून लावतात. नाकाचं गणित वेगळं. बर्गेट आणि मेनिक या शल्यविशारदांनी 1985 साली नाकाचे नऊ भाग पाडले: शेंडा, कणा, दोन बाजू, दोन पाकळ्या वगैरे. एखाद्या भागाचा अर्ध्याहून जास्त हिस्सा गेला असेल तर उरलेली चांगली कातडीही काढून तो अख्खा भाग नव्यानं बसवा, असं त्यांचं सांगणं. नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसतो, पण असं केलं की व्रणाची रेघ दोन भागांमधल्या सावलीत लपते.

शेंडा किंवा पाकळी मोठी गेली असेल तर कातडी कपाळावरून आणतात. आणि इथे पुणं येतं.

1792च्या युद्धात इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. नाक कापणं हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो! नाव पारशी वाटलं तरी त्या काळची नोंद त्याला मराठा म्हणते. वर्षभर तो नाकाशिवाय वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्यानं नाकाचा आकार घडवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली. फक्त दोन डोळ्यांच्या मधला देठ राखला, म्हणजे रक्त चालू राहील. कातडी अर्धवट पिळून खाली आणली, नाकाच्या सोललेल्या कडेत खोचली. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात लावलेल्या चिंध्या वरून बसवल्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या लावल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला देठ कापला.

हे लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794च्या अंकात छापून आलं. सोबतचं चित्र सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवणाऱ्या जेम्स वेल्सच्या चित्रावरून केलेलं. ते वाचून जोसेफ कार्प्यूनं आधी प्रेतांवर सराव केला आणि 1814 साली लंडनमध्ये पहिलं नाक बसवलं. इथे एक घोटाळा टाळायला हवा. सुश्रुतसंहितेत नासासंधान आहे, पण तिथे कातडी गालाची घेतली आहे. कपाळाची रीत पुण्याच्या त्या माणसाच्या हातात होती. नोंदीत गाडीवानाचं नाव आहे, बघायला गेलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांचीही आहेत. ज्यानं नाक बसवलं त्याचं नाव नाही.

कावसजीच्या नाकाला आतून अस्तर नव्हतं की कूर्चेचा आधार नव्हता. आज अस्तर शिवतात, पाकळी बसू नये म्हणून कानातली कूर्चा घालतात, आणि देठातून भुवईच्या आतल्या टोकापाशी वर चढणारी रक्तवाहिनी सांभाळतात. मेणाच्या जागी अनेकदा टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातली चांदी असते: ती खड्ड्यावर दाबून आकार कातरायचा, कपाळावर ठेवायचा, भोवती पेनानं रेघ मारायची. मुदतही फारशी बदललेली नाही. साधारण तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा पूल लोंबतो. चष्मा नीट बसत नाही, दारावरची बेल वाजली तर दुसऱ्या कुणाला तरी उठावं लागतं. मग एका सकाळी फक्त जागेवर भूल देऊन देठ कापतात, आणि ओढली गेलेली भुवई परत आपल्या जागी शिवतात.