रुतते ते चाक : कयाकच्या गाड्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंपळनेरहून समुद्र लांब असला तरी पाणी लांब नाही. पांझरेवरचे लाटीपाडा धरण जवळच आहे. समुद्रच हवा असेल तर नवापूरच्या रस्त्याने सुरतेचे डुमस गाठता येते, नाहीतर सुट्टी काढून कोकण. धरण असो की चौपाटी, कयाक नेणाऱ्यापुढे अडचण एकच असते. मोटार थांबते तिथून पाणी शे-दोनशे पावलांवर असते आणि मधली जमीन मऊ असते. एका माणसाची प्लास्टिकची कयाक साधारण तीन ते चार मीटर लांब आणि २५ ते ३० किलो वजनाची असते. वल्हे, लाइफ जॅकेट, पाणी आणि डबा धरून भार ४० किलोपर्यंत जातो. तो ओढण्यासाठी कयाकखाली बांधायचा दोन चाकांचा छोटा गाडा विकत मिळतो. पाइप, वेल्डिंगचे दुकान आणि जुनी चाके सहज मिळणाऱ्या आपल्या भागात तो घरी बनवणेही अवघड नाही. मात्र बनवणाऱ्याचे सगळे लक्ष सांगाड्याच्या मजबुतीकडे असते. वाळूत गाडा अडतो तो बहुधा चाक रुतल्यामुळे, सांगाडा कच्चा असल्यामुळे नव्हे. पुढचे बहुतेक गैरसमज ही एक गोष्ट नजरेआड केल्यामुळे होतात.

गैरसमज : सायकलचे मोठे चाक लावले की गाडा वाळूतून सहज जातो.

वस्तुस्थिती : हवा भरलेला टायर जमिनीवर ढोबळमानाने आपल्या आतल्या हवेइतकाच दाब टाकतो. ४० किलोचा भार दोन चाकांवर म्हणजे प्रत्येकी २० किलो. सायकलच्या टायरमध्ये ४० पौंड हवा असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो होतो, म्हणजे हा भार जेमतेम ७ चौरस सेंटिमीटर जागेवर येतो. कोरड्या वाळूला हा दाब पेलत नाही आणि चाक खाली जाते. फुगीर, रुंद टायरमध्ये दोनच पौंड हवा ठेवली तर तोच भार सुमारे १४० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि चाक वाळूच्या वर राहते. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९३० च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात फोर्ड मोटारी नेल्या, त्या टायरमधली हवा कमी करूनच. यावर कोणी म्हणेल, अरुंद धावेची लाकडी बैलगाडी नदीच्या वाळूतून जातच होती की! जात होती, कारण तिचे चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच असे आणि पुढे दोन बैल असत. चाकाची उंची दगडधोंडे आणि खाचखळगे ओलांडायला उपयोगी पडते, हे खरेच आहे. पण शेतात रबरी चाकांची डनलॉप गाडी आली ती रुंद टायरचा फायदा दिसला म्हणून. कयाक ओढायला तर बैलही नसतात, एकटा माणूस असतो.

गैरसमज : टायर टणक फुगवला की गाडा हलका चालतो, भरीव टायर तर सगळ्यांत उत्तम, पंक्चरच होत नाही.

वस्तुस्थिती : पहिले विधान डांबरी रस्त्यावर खरे आहे, वाळूत नेमके उलटे. उन्हाचा हिशेबही धरावा लागतो. सकाळी २५ अंशांना दोन पौंड हवा भरलेला टायर बंद मोटारीत ६५ अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब चार पौंडांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून प्रवासात टायर मऊच ठेवावा आणि हवा किनाऱ्यावर पोचल्यावर जुळवावी. बाभळीच्या काट्यांचा आक्षेप मात्र रास्त आहे. धरणापर्यंत मुरमाची घट्ट वाट असेल आणि समुद्रावर जायचेच नसेल, तर भरीव टायर हाच शहाणा पर्याय ठरतो. चौपाटीसाठी तो चालत नाही, कारण तो दबत नाही आणि भार पसरवत नाही.

गैरसमज : रुंद चाक कुठल्याही मऊ जमिनीवर चालते.

वस्तुस्थिती : वाळू आणि काळी माती वेगळ्या वागतात. ओल्या वाळूच्या कणांना त्यांच्यामधले थोडेसे पाणी धरून ठेवते, म्हणून भरतीरेषेच्या खालचा ओलसर पट्टा कोरड्या वाळूपेक्षा घट्ट असतो. गाडा सर्वांत जवळच्या वाटेने कोरड्या वाळूतून ओलसर पट्ट्यावर उतरवावा आणि पुढचे अंतर तिथूनच काटावे. मात्र मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो. सकाळी दिसलेला पट्टा दुपारी पाण्याखाली गेलेला असू शकतो. उन्हाळ्यात धरणाचे पाणी हटल्यावर उघडी पडणारी काळी माती ओली असताना चाकाला चिकटते, आणि चाक जितके रुंद तितका चिखल जास्त. तिथे मुरमाड किंवा खडकाळ काठ शोधावा. तो नसेल तर गाडा सोडून प्लास्टिकची कयाक चिखलावरून घसरत न्यावी. या एका जागी चाकाशिवायच काम सोपे होते.

गैरसमज : गाडा मागच्या टोकाशी बांधायचा, म्हणजे ओढायला सोपा.

वस्तुस्थिती : चार मीटर लांब, ३० किलोची कयाक पुढच्या टोकाला धरून ओढायची आहे असे समजा. चाके मध्यापासून दीड मीटर मागे असतील तर हातावर सुमारे १३ किलो येतात. ३० सेंटिमीटर मागे असतील तर चारच. गाडा मध्याच्या किंचित मागे असावा, म्हणजे टोक हातात स्थिर राहते आणि भार चाकांवर जातो. कयाकच्या तळातल्या निचऱ्याच्या भोकांत खुंट्या अडकवणारे गाडे पक्के वाटतात, पण त्यांत सगळे वजन त्या भोकांच्या कडांवर येते आणि भरल्या कयाकने गचके खाल्ले तर तिथे तडा जाऊ शकतो. रुंद गादीवर कयाक ठेवून पट्ट्यांनी आवळणारा गाडा भार पसरवतो. तर्क इथेही टायरचाच आहे.

गैरसमज : स्टेनलेस स्टील आणि बॉल बेअरिंग घातले की गाडा जन्मभर टिकतो.

वस्तुस्थिती : साध्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेसलाही खाऱ्या पाण्याने बारीक खड्डे पडतात, ३१६ दर्जा अधिक टिकतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टीलचे बोल्ट घातले तर खाऱ्या पाण्यात त्या जोडाशी ॲल्युमिनियम झिजते. साध्या बेअरिंगमध्ये वाळू शिरते आणि ते गंजून अडकते; त्यापेक्षा नायलॉनचे बुश बरे, कारण ते गोड्या पाण्याने धुतले की पुरते. ज्या जळगावात पीव्हीसी पाइपांचे मोठे कारखाने आहेत, त्या भागातल्या माणसाला पाइपचा सांगाडा सुचणे साहजिक आहे, आणि ४० किलोसाठी जाड पाइप पुरतोही. अट एवढीच, की आस धातूच्या सळईचा हवा आणि पाइपला रंग लावलेला हवा, कारण उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होते.

तेव्हा पैसे कुठे घालायचे याचे उत्तर सरळ आहे. सांगाडा गावातल्या वेल्डरकडून किंवा पाइप कापून बनवून घ्या, पण चाके मात्र रुंद, फुगीर आणि कमी हवेची विकत घ्या. आणि गाडा ठरवण्यापूर्वी आपण खरोखर कुठल्या काठावर उतरणार आहोत, ती जमीन एकदा पायाखाली दाबून पाहा.