कानातली ‘कुंईऽऽ’ आणि आवळलेला जबडा

रात्री दिवे मालवले, हीटर थांबला, की कानात बारीक ‘कुंईऽऽ’ सुरू होतं. डॉक्टरांनी कान बघितला, ऑडिओग्राम काढला, सगळं नॉर्मल. “स्ट्रेस असेल,” म्हणून त्यांनी तुम्हाला घरी पाठवलं. आता त्या ‘स्ट्रेस’चं करायचं काय?

आधी एक गोष्ट: तुम्हाला भास होत नाहीये. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला! म्हणजे नुसता आवाज असणं फारसं विशेष नाही. मेंदू त्याला धोका समजू लागला, की खरा त्रास सुरू होतो. मग जबडा आवळला जातो, मान ताठते, झोप उडते आणि लक्ष पुन्हा त्या आवाजाकडेच जातं.

यात जबड्याचा संबंध थेट आहे. जबड्याच्या आणि मानेच्या नसांचे संदेश मेंदूच्या खोडातल्या श्रवणकेंद्रापर्यंत पोचतात. म्हणून दात घट्ट आवळले की अनेकांचा आवाज वाढतो किंवा बदलतो.

बायोफीडबॅक इथे कामाला येतं. कपाळ, जबडा, खांदे यांवर सेन्सर चिकटवतात आणि स्नायूंवरचा ताण स्क्रीनवर रेघ होऊन दिसतो. शरीरात वीज वगैरे काही सोडत नाहीत, फक्त मोजतात. नुसतं “रिलॅक्स हो” म्हटलं तर नेमकं काय सैल सोडायचं तेच कळत नाही. रेघ खाली येताना दिसली की कळतं. तार ऐकत ऐकत खुंटी पिळून तंबोरा लावतात, तसंच हे. सरावाने पुढे स्क्रीनही लागत नाही.

उपयोग होतो का? जर्मनीतल्या मारबुर्गच्या संशोधकांनी २००८ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. १३० रुग्ण, तीन महिन्यांत १२ सत्रं, सोबत मानसोपचार. आवाजामुळे होणारा जाच बराच कमी झाला, ‘हे माझ्या हातात आहे’ ही भावना वाढली. पण तुलना उपचारांसाठी थांबलेल्या रुग्णांशी होती. त्यामुळे श्रेय सेन्सरचं किती आणि बोलण्याचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. आणि आवाज कायमचा घालवून देतो असं कुणी सांगितलं, तर पैसे देऊ नका.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: ‘स्ट्रेस’ हे निदान तपासणीनंतरचं. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर ईएनटी डॉक्टरांना दाखवाच. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा. त्यावरचा उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावा लागतो. इन्शुरन्सचा हिशोब नंतर करता येईल, गेलेलं ऐकू येणं मात्र परत मिळेलच असं नाही.