परवानगीशिवाय जमलेली मंडळी

यॉनशॉपिंग (स्वीडन) : व्हेट्टर्न नावाच्या लांबोळक्या सरोवराच्या दक्षिण टोकाला हे शहर वसले आहे. खानदेशातल्या वाचकाला त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी दोन वस्तू इथून आपल्याकडे आल्या. एक काडेपेटी. सुरक्षित आगकाडीचा धंदा याच गावात वाढला आणि पुढे स्वीडिश काडेपेटीवाल्यांनी १९२३ मध्ये विमको कंपनी काढून अंबरनाथला कारखाना चालवला. दुसरी वस्तू म्हणजे धुळे-नंदुरबार भागातल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनेची रीत. स्वीडिश अलायन्स मिशनचे मूळ इथले. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन सुवार्तिकाने १८९० मध्ये शिकागोत काढलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन (१९४९ नंतरचे ‘टीम’) हे त्याचे चुलत भावंड. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशात ही दोन्ही मिशने काम करत होती, तर पूर्वेकडे जळगाव, भुसावळ, चाळीसगावला अमेरिकेच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे ठाणे होते. या सर्वांचे सांगणे एकच होते : आम्ही युरोपचा धर्म आणलेला नाही, प्रेषितांच्या काळची मंडळी जशी होती तशी उभी करतो आहोत. बिशप नाही, पाठ केलेली पूजापद्धती नाही. प्रेषितांचे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. प्रौढ माणसाने विश्वास ठेवावा, मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यावा, आणि मंडळीचा कारभार तिच्यातल्याच वडिलांनी पाहावा. हा दावा तपासायचा तर तो ज्या मातीत रुजला ती माती आधी पाहायला हवी.

ती माती मोकळी नव्हती. स्वीडनमध्ये राजा आणि चर्च एकच होते. १७२६ च्या हुकमाने, कुटुंबाच्या प्रार्थनेपलीकडे कोणी घरात शेजारीपाजारी जमवून पाळकाशिवाय धार्मिक बैठक घेतली, तर तो गुन्हा ठरे; दंड होई, कैद होई, वारंवार केल्यास देशाबाहेर घालवत. आपल्याकडे गावातले भजनी मंडळ पुजाऱ्याची किंवा तलाठ्याची परवानगी घेऊन बसत नाही, म्हणून हा कायदा आपल्याला अजब वाटतो. तो १८५८ पर्यंत टिकला. गंमत अशी, की त्याला सुरुंग लावण्याचे काम चर्चनेच केले होते. पाळक घरोघर जाऊन प्रत्येकाला वाचता येते का, प्रश्नोत्तरी पाठ आहे का, हे तपासत आणि वहीत नोंदवत. त्यामुळे शेतमजूरही अक्षरे ओळखू लागला. वाचता आले की माणूस पवित्र शास्त्र स्वतः उघडतो, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडल्यावर त्याला दिसते की तिथे लोक घराघरात भाकर मोडत होते, आणि मंडळीचा प्रमुख राजा नव्हता. जे त्या ग्रंथात नित्याचे आहे ते स्वीडनमध्ये गुन्हा आहे, हा त्याचा साधा शोध होता. पुढे जे घडले ते पुरातन रूढीच्या हौसेतून घडले नाही. जमण्याचा हक्क मागताना लोकांनी पहिल्या शतकाची साक्ष काढली.

फ्रेडरिक ओलॉस निल्सन या खलाशाचे उदाहरण घ्या. त्याने १८४७ मध्ये जर्मनीत एल्बे नदीत बाप्तिस्मा घेतला. २१ सप्टेंबर १८४८ रोजी स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हालर्सव्हिकला समुद्रात पाच जणांचा बाप्तिस्मा झाला आणि स्वीडनची पहिली बाप्तिस्त मंडळी जन्मली. खटला चालला तो याच यॉनशॉपिंगच्या योटा उच्च न्यायालयात. १८५० मध्ये निल्सनला हद्दपारीची शिक्षा झाली. बाप्तिस्त आईबापांची तान्ही मुले अधिकाऱ्यांनी जबरीने नेऊन त्यांचा बाप्तिस्मा केल्याच्या घटनाही त्या दशकात घडल्या. सर्वांनीच चर्चशी काडीमोड घेतला असे नाही. पी. पी. वाल्डेनस्ट्रॉम हे तर राज्यचर्चचेच पाळक. पण त्यांच्याभोवतीच्या लोकांना प्रभुभोजन गावातल्या प्रत्येक नोंदणीकृत माणसाबरोबर नको होते, विश्वास धरणाऱ्यांबरोबरच हवे होते. त्यासाठी त्यांनी संघ काढले आणि १८७८ मध्ये त्यातून स्वीडिश मिशन कॉव्हेनंट उभे राहिले. प्रश्न पाण्याचा किंवा भाकरीचा वाटतो, पण मुळात तो मंडळीत कोण आणि हे कोण ठरवते याचा आहे.

यावर इतिहासकाराचा आक्षेप चोख आहे : पहिल्या शतकाची अशी एक मंडळी होतीच कुठे? यरुशलेमेतली मंडळी मंदिरात जाई, करिंथातली आपापसांत भांडे. रोमन सुभेदार प्लिनीने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रॅजनला कळवले, की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि नंतर साधे अन्न एकत्र खातात. त्यांत कारभाराचा नमुना सापडत नाही. जस्टिन मार्टरने इ. स. १५५ च्या आसपास वर्णन केलेल्या रविवारच्या उपासनेत तर वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, अनाथ-विधवांसाठी वर्गणी असा बऱ्यापैकी ठरलेला क्रम आहे. आणि ‘डिडाखे’ हे छोटे जुने पुस्तक १८७३ मध्ये सापडून १८८३ मध्ये छापले गेले, तेव्हा बुडवण्यावर हट्ट धरणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली असणार. त्यात वाहते पाणी उत्तम म्हटले आहे, ते नसले तर दुसरे चालेल आणि पाणीच पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी सवलत दिली होती, ती त्यांची नक्कल करणाऱ्यांनी नाकारली.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात भाकर मोडण्याशेजारीच लिहिले आहे की सर्व काही सामाईक होते, मालमत्ता विकून गरजेप्रमाणे वाटत. मग तेवढेच का गाळले? स्वीडिशांनी ते करूनही पाहिले. एरिक यान्सन या उपदेशकाच्या अनुयायांनी १८४६ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये बिशप हिल नावाची वसाहत वसवली आणि जमीन, जनावरे, कमाई सारे सामाईक केले. कॉलरा आला, यान्सनचा १८५० मध्ये खून झाला, विश्वस्तांच्या व्यवहारांनी कर्ज वाढले आणि १८६१ च्या सुमारास वसाहत वाटणी करून मोडली. मला वाटते या दोन्ही आक्षेपांनी एक गोष्ट पक्की होते : पहिल्या मंडळीचे अनुकरण कधीच संपूर्ण नसते, ते निवडलेले असते. पण निवडलेले म्हणजे खोटे नव्हे. निवड कशासाठी केली हे पाहिले की अनुकरणाचा अर्थ कळतो, आणि स्वीडनमध्ये ती सत्तेच्या विरोधात जमण्यासाठी केली होती. नक्कल किती हुबेहूब यापेक्षा निर्णय कोणाच्या हातात राहिला हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

हाच प्रश्न आता खानदेशाला लावून पाहा. तिथे मोडायला राज्यचर्च नव्हते. ब्रिटिशांचे अँग्लिकन चर्च होते, पण नवापूर किंवा तळोद्याच्या मावची-भिल्ल पाड्यावर त्याची छाया पडत नव्हती. तिथे घरातली सभा, वडिलांची निवड आणि एका पंक्तीतले प्रभुभोजन या गोष्टींचे काम वेगळे झाले. ज्या गावात पाण्याच्या भांड्यापासून सारे काही जातीने ठरे, तिथे एकाच भाकरीतून घेणे ही स्वीडनपेक्षा मोठी उडी होती. पण निर्णय? तो मिशनच्या बैठकीत होई. शाळा, बंगला, दवाखाना, सेवकाचा पगार यांचा पैसा परदेशातून येई आणि पैशाबरोबर अधिकारही. चर्च सरकारपासून सोडवून घेणाऱ्यांनी पाड्यावरच्या मंडळीवर आपलेच छोटे सरकार बसवले, असे म्हणणे कठोर आहे, पण चुकीचे नाही. रोलंड अ‍ॅलन या अँग्लिकन मिशनऱ्याने १९१२ मध्ये पुस्तकच लिहून विचारले होते, की पौलाने काही महिन्यांत स्थानिक वडील नेमून मंडळी त्यांच्या हवाली केली, मग आपण पिढ्यान्‌पिढ्या पालकत्व का धरून बसतो? बचाव असा होतो, की पौलाच्या शिष्यांना शास्त्र आधीच माहीत होते आणि पाड्यावर अक्षरओळखही नव्हती. त्यात तथ्य आहे. पण अक्षरओळख देणे हे काम काही वर्षांचे होते, अधिकार दशकांचा झाला.

मराठी माणसाला हे जाणवले नव्हते असे नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, तो याच कोंडीतून. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, मिशनच्या पगाराशी आणि पंथाशी त्यांचा संबंध नसावा, अशी ती कल्पना होती. टिळक मे १९१९ मध्ये गेले आणि दरबार त्यांच्या मागे टिकला नाही; परंतु पहिली मंडळी उभी करायची तर ती आपल्या भाषेत, आपल्या भजनात आणि आपल्या खर्चाने, हा त्यांचा निष्कर्ष अनेक मिशनऱ्यांच्या निष्कर्षापेक्षा प्रेषितांच्या जवळचा होता. टिळकांच्या घरी राहिलेला धरणगावचा बालकवी ख्रिस्ती झाला नाही, हेही त्या घराच्या मोकळेपणाबद्दल काही सांगते.

मग प्रत्येक मंडळीने स्वतःच ठरवायचे, तर भांडण मिटवणार कोण? स्वीडनने याची किंमत मोजली आहे. स्टॉकहोमच्या फिलाडेल्फिया मंडळीला १९१३ मध्ये बाप्तिस्त संघाने प्रभुभोजनाच्या वादावरून बाहेर काढले. तिचे पाळक लेवी पेत्रुस यांनी त्यातून तत्त्वच काढले : नव्या करारात स्थानिक मंडळी आहे, संघटना नाही, म्हणून आमची संघटना नाही. पण तीच मंडळी प्रचंड झाली, ‘डागेन’ नावाचे दैनिक निघाले, आणि एका माणसाचा शब्द कुठल्याही घटनेपेक्षा जड ठरू लागला. शेवटी २००१ मध्ये या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी राष्ट्रीय संस्था केलीच. नियम लिहिलेला नसला की सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त हिशेब देत नाही. आज राज्यचर्चही राज्याचे उरलेले नाही. १ जानेवारी २००० पासून ते वेगळे झाले. दुसरीकडे एकेकाळी सरकारशी झगडणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या सरकारी अनुदान घेतात आणि त्याबद्दल कोणाला अवघड वाटत नाही.

खानदेशात चित्र उलटे आहे. परदेशी मिशनरी गेले, त्यांच्याबरोबर पगार गेला, आणि मंडळ्यांना वर्गणीवर व स्वतःच्या वडिलांवर उभे राहावे लागले. जे उपदेशात सांगितले गेले ते नाइलाजाने का होईना खरे झाले. अडचण मागे राहिलेल्या जमिनींची आहे. मिशनचे आवार, शाळा, बंगले हे सार्वजनिक न्यास आहेत. १९५० च्या मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे त्यांचे विश्वस्त धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नोंदवावे लागतात, आणि विश्वस्त कोण हा प्रश्न उपदेशापेक्षा जास्त गाजू शकतो. पहिल्या मंडळीकडे इमारतच नव्हती, तेव्हा तिचा नमुना इथे काय कामाचा, असे कोणी म्हणेल. कृत्यांचा सहावा अध्याय मात्र थेट याच स्वरूपाच्या तंट्याचा आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात वगळले जाते अशी तक्रार होती. प्रेषितांनी स्वतः निवड केली नाही, ती मंडळीला करायला सांगितली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे वाटपाचा अधिकार तक्रार करणाऱ्या बाजूकडेच सोपवलेला दिसतो. नवापूर-नंदुरबार पट्ट्यातल्या न्यासांवर मावची आणि भिल्ल नावे किती आहेत, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन कोणालाही पाहता येते.