वणव्याच्या धुराचा आकाशातून माग

जून २०२३ च्या प्रारंभी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील अरण्यांत वणवे भडकले आणि ७ जून रोजी शेकडो किलोमीटर दक्षिणेकडील न्यूयॉर्क शहराचे आकाश भरदिवसा नारिंगी झाले. पलीकडचे दिसेना, म्हणून काही विमानांची उड्डाणे रोखून धरावी लागली. धूर कोठून आला आणि आणखी किती यावयाचा आहे, हे शहरातून कळणे शक्य नव्हते. ते उपग्रहांच्या चित्रांवरून कळले.

या कामी दोन प्रकारचे उपग्रह परस्परांस पूरक ठरतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रह एकाच भूभागावर सतत नजर ठेवतो. त्या वेळी अमेरिकेचा गोज-१६ हा उपग्रह त्या देशाच्या मुख्य भूमीचे चित्र दर ५ मिनिटांनी पाठवीत होता. अशी चित्रे ओळीने पाहिली की लोट कोणत्या दिशेने वाहतो आहे ते उमगते. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात. मात्र ते बरेच खालून जात असल्याने अधिक बारकाईने पाहतात. त्यांच्यावरील व्हिअर्स हे उपकरण सुमारे ३७५ मीटरच्या चौकटीतील आगीची उष्णता रात्रीसुद्धा टिपते.

धूर आणि ढग यांत गफलत होणार नाही काय? अनुभवी डोळ्यास फरक कळतो: ढग पांढरा व ठसठशीत, तर धूर करडा-तपकिरी आणि विरळ कडांचा. शिवाय धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की उष्णतेच्या अवरक्त चित्रात विरळ धूर जवळजवळ दिसतच नाही. ढग मात्र तेथेही स्पष्ट उमटतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की उलगडा होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. वरून घेतलेल्या चित्रात धुराची व्याप्ती कळते, उंची कळत नाही. धूर ५ किलोमीटर वर असेल तर सूर्य केवळ तांबूस दिसेल. तोच जमिनीलगत उतरला तर २.५ मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसांत शिरतील. मुले व दमेकऱ्यांच्या दृष्टीने हा भेद निर्णायक होय. कॅलिप्सो हा उपग्रह २००६ ते २०२३ या काळात लेझर किरणांच्या साह्याने धुराच्या थरांची उंची मोजीत असे. त्याचा पट्टा मात्र फार अरुंद होता. म्हणून जमिनीवरील हवामापन केंद्रांना पर्याय नाही.

भारतात डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या ठिकाणांची सूचना भ्रमणध्वनीवर पाठविते. नाव नोंदविणाऱ्या कोणासही ती मिळू शकते. विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी पेटविलेला पाचोळा अनेकदा हाताबाहेर जातो, तेथे ही सूचना ग्रामपंचायतीच्याही उपयोगी पडावी. तथापि, दाट झाडोऱ्याखालची किंवा दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात लागून विझलेली लहान आग उपग्रहास दिसत नाही, आणि जी दिसते तिची खातरजमा वनरक्षकाला प्रत्यक्ष जागेवर जाऊनच करावी लागते.